आदर्श, कित्ता आणि डोळ्यांपुढची माणसं

प्रश्न असा आहे : ‘मोठा निर्णय घेताना मी अमुक बाईंना रोल मॉडेल मानते’ हे मराठीत कसं म्हणावं? ‘आदर्श मानते’ म्हटलं तर त्यांच्यात काही खोटच नाही असं वाटतं, आणि तसं म्हणायचं नाही.

शंका रास्त आहे. संस्कृतात ‘आदर्श’ म्हणजे आरसा. ज्या पोथीवरून नक्कल उतरवायची, ती मूळ प्रतही आदर्शच. निर्दोष असण्याची अट दोन्हीत नव्हती. पण ‘आदर्श विद्यार्थी’, ‘आदर्श उत्तर’ असं विशेषण इतकं रुळलं, की नाम वापरलं तरी पूर्णत्वाची छाया पडतेच.

मला इथे ‘कित्ता’ फार नेमका वाटतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ तुकडा. त्यावरून सुलेखनाचा नमुना, आणि मराठीत गिरवायचा नमुना. वरच्या ओळीतला ‘ळ’ दुसऱ्याने काढलेला असतो. खालच्या ओळीत आपला हात चालतो, आधी वळण चुकतं, मग जमतं. आणि गिरवायचा असतो तो तुकडाच, अख्खा माणूस नव्हे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनीही रोल मॉडेल ही कल्पना एखाद्या भूमिकेपुरतीच ठेवली. सगळ्याच बाबतींत जिचं अनुकरण होतं, त्या व्यक्तीला त्यांनी वेगळं नाव दिलं.

माझ्या पहिल्या नोकरीतले एक मुद्रितशोधक ठाऊक असलेला शब्दही कोशात बघत आणि मगच समासात पेन्सिलीने खूण करत. आजही घाईत एखाद्या कागदावर सही करायची वेळ आली, की ‘त्यांनी काय केलं असतं?’ असं मनात येतं आणि मी कागद पुन्हा वाचतो. त्यांचा तिरसटपणा मी घेतलेला नाही. त्यांना आदर्श म्हणताना जीभ अडखळते. कित्ता मात्र त्यांचाच गिरवतो.

वापरताना एक जपावं. ‘त्या माझा कित्ता आहेत’ असं होत नाही. कित्ता वागण्याचा असतो, म्हणून ‘त्यांचा कित्ता गिरवते’. शिवाय तो वाईट वागण्याचाही गिरवला जातो, तेव्हा संदर्भ स्पष्ट हवा. ‘वस्तुपाठ’ चांगला शब्द आहे, पण तो घालून देणाऱ्याच्या बाजूने बोलतो.

तुमच्या वाक्यात तर नामाचीही गरज नाही : ‘मोठा निर्णय घेताना मी त्यांना डोळ्यांपुढे ठेवते.’ आरशाचा जुना अर्थही त्यात आपसूक येतो.