बिबट्याचा अभ्यास करायचाय म्हणणाऱ्या मुलीच्या वडिलांना

नमस्कार दादा,

‘मुलगी बारावी सायन्सला आहे. नीटची परीक्षा नको, बिबट्यांचा अभ्यास करायचाय म्हणते. आमच्या अकोले तालुक्यात बिबट्या दिसला की पिंजरा लावायचा, धरून लांब सोडायचा. यात शिकायचं काय? आणि पोट भरेल का?’ असं तुम्ही विचारलंत.

लांब सोडलं की प्रश्न मिटेल, असं शेजारच्या जुन्नरमध्येही वाटलं होतं. उसातले बिबटे पकडून सरासरी ४० किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले गेले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी पुढे नोंदी तपासल्या. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. मोठ्या प्रमाणावर बिबटे हलवायला लागल्यावर ते १७ झाले. माणसं आणि गुरं वाढली म्हणून हल्ले वाढले म्हणावं, तर तेही आकड्यांत बसेना. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. पकडल्याचा ताण, अनोळखी मुलूख आणि तिथल्या बिबट्यांची विस्कटलेली घडी, असा कारणांचा अंदाज त्यांनी मांडला.

पुढचा अभ्यास तर तुमच्याच शिवारातला. शेतशिवारात कॅमेरे लावले, तेव्हा १०० चौरस किलोमीटरला साधारण ५ मोठे बिबटे निघाले. विष्ठा तपासली, तर खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा! बिबट्या वाट चुकून उसात येतो, ही समजूत इथे मोडली. तो तिथे राहतो. आता वाद बिबट्यांच्या नसबंदीचा आहे. तिने संख्या घटेल का, किती माद्यांची करावी लागेल, एक हलवला तर त्या जागी दुसरा येतो का? ही उत्तरं कोणीतरी मोजूनच द्यायची आहेत, आणि संध्याकाळी पोरांना घरात घेण्याची धास्ती जिने पाहिलीय, तिच्या मोजण्याला मला जास्त किंमत वाटते.

पोटाचं खरं सांगतो. सुरुवातीची कामं प्रोजेक्टवर असतात. प्रोजेक्ट संपला की पगार थांबतो. पीएचडीपर्यंत वर्षं जातात. ही तयारी घरानेही ठेवायला हवी. बीएस्सीला प्राणीशास्त्राबरोबर संख्याशास्त्र मिळेल असं कॉलेज बघा, या विषयात मुलं अडतात ती तिथेच. पुढे एमएस्सीसाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळुरूचं एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र), पुण्याचं गरवारे कॉलेज. पहिल्या दोन्हीकडे जागा मोजक्या आहेत. प्राणीशास्त्राच्या पदवीवर भारतीय वनसेवेची परीक्षाही देता येते, म्हणजे पक्क्या नोकरीची वाट बंद होत नाही.

नीटची सक्ती करू नका. तिला एक वही द्या. कुणाची शेळी किंवा कुत्रं कधी, कुठून गेलं, तेव्हा ऊस उभा होता की तोडलेला, हे तिने वस्तीवर विचारून तारखेनिशी लिहावं. फिरणं दिवसा आणि कुणाच्या तरी सोबतीनेच, उसात शिरायचं नाही. सहा महिने तिने हे नेटाने केलं, तर मे महिन्यात वही घेऊन दोघंही माझ्याकडे या.