वाचक विचारतात : बेटी बूपच्या झग्यावर फुले का नाहीत?

प्रश्न : नातवाने मोबाइलवर एक जुने काळे-पांढरे कार्टून दाखवले. त्यात अजब यंत्रांचे प्रदर्शन भरते आणि स्वतःच सुईत दोरा ओवणारी शिलाई मशीन अखेर दिसेल ते शिवत सुटते. नायिकेचा झगा इतका साधा का, आणि तिच्या पुढच्या कार्टूनांत तो लांब कसा झाला? तिचे केस काळे, असे मी म्हणतो. नातू मानत नाही; आमची पैज लागली आहे.
— शिवणकाम करणारे एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्या वर्णनातला लघुपट म्हणजे अमेरिकेतल्या फ्लायशर बंधूंच्या कार्टून-स्टुडिओचा १९३३ सालचा ‘बेटी बूप्स क्रेझी इन्व्हेन्शन्स’, आणि त्याची नायिका बेटी बूप. (दोरा ओवायला नातवंडाला हाक मारावी लागते, त्या वयात या मशीनचे कौतुक जरा जास्तच वाटते.)

झगा साधा का, हे आपल्याला चटकन पटेल. पडद्यावर सेकंदाला फिल्मच्या २४ चौकटी (फ्रेम) सरकतात. म्हणजे सात मिनिटांच्या पटाला १०,०८० चौकटी लागतात, आणि एकच चित्र दोन-दोन चौकटींना पुरवले तरी पाच हजारांवर चित्रे काढावी लागतात. त्यातले प्रत्येक चित्र आधी पेन्सिलीने काढायचे, मग पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईने गिरवून मागच्या बाजूने रंगवायचे. पोळ्याच्या झुलीला आरसे आणि गोंडे लावण्याची हौस आपण एकदाच करता. इथे झग्यावरचे एकेक फूल हजारो वेळा, बाई वळली की तेही वळवून, काढावे लागले असते, आणि ते केसभर जरी सरकले असते तरी पडद्यावर सारे कापड थरथरताना दिसले असते. म्हणून सपाट रंगाचा, कमीत कमी रेषांचा झगा.

लांबीचे कारण मात्र शिवणकामातले नाही. १९३४च्या मध्यापासून हॉलिवूडची आचारसंहिता (चित्रपटांत काय दाखवावे, काय नाही याची नियमावली) कडकपणे लागू झाली, तेव्हा बेटीचा आखूड, उघड्या खांद्यांचा झगा आणि मांडीवरचा गार्टर (मोजे धरून ठेवणारा पट्टा) गेला, आणि अंगभर कपडे आले.

आता पैजेचे. रंगीत चित्रपट काढण्याच्या तीन रंगांच्या टेक्निकलर पद्धतीचा कार्टूनांसाठीचा हक्क त्या काळी डिस्नेकडे राखीव होता. त्यामुळे १९३४ साली ‘पुअर सिंड्रेला’ हा बेटीचा रंगीत पट काढताना फ्लायशरांना दोन रंगांच्या पद्धतीवर भागवावे लागले. त्यात तिचे केस लाल आहेत. पैज नातवाने जिंकली.