प्रश्न तुमचे: "आमच्या रक्तातच आहे का?"

माझे सासरे दारूनेच गेले, लिव्हर खराब होऊन. मिस्टरही प्यायचे, व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले, आता चौदा महिने बंद आहे. ते तिकडे होते तेव्हा मुलाला आम्ही पप्पा ट्रेनिंगला गेलेत असं सांगितलं होतं. मुलगा तेरा वर्षांचा आहे. सासूबाई सारखं म्हणतात ह्यांच्या रक्तातच आहे, पोरगंही त्याच वाटेने जाणार. त्याला काही कळू न देता आत्तापासून काय करता येईल? (एक वाचक, नाशिक जिल्हा)

ताई, चौदा महिने म्हणजे खूप झाले, आधी मिस्टरांना माझ्याकडून शाब्बास सांगा.

सासूबाईंचं म्हणाल तर त्या अर्ध्या बरोबर आहेत. दारूचं व्यसन लागण्याचा धोका साधारण निम्मा अनुवंशिक असतो असं जुळ्यांच्या अभ्यासांवरून दिसतं. 1973 साली डेन्मार्कमधला एक अभ्यास आला होता, आईबापाला दारूचं व्यसन, पण मुलगे लहानपणीच दत्तक जाऊन दुसऱ्याच घरात वाढलेले, असे 55 जण तपासले तर त्यातले 10 व्यसनी निघाले, बाकीच्या दत्तक मुलांपेक्षा हे प्रमाण साडेतीन पटीच्या वर होतं. म्हणजे रक्तात काहीतरी येतं हे खरंच. पण उरलेले 45 कुठे गेले? ते नाही झाले व्यसनी. हे 45 सासूबाईंना जरूर सांगा, आणि "पोरगंही जाणार" हे वाक्य पोरासमोर तरी बंद करायला सांगा.

आता "कळू न देता" बद्दल. तेरा वर्षांच्या मुलाला माहीत नाही असं खरंच वाटतंय तुम्हाला? माझे वडील प्यायचे, जिन्यावर चप्पल कशी वाजतेय त्यावरून मला आज काय होणार ते कळायचं आणि तेव्हा मी सात वर्षांची होते. पोरांना सगळं कळतं, फक्त कोणी काही बोलत नाही म्हणून ती आपापलं कारण शोधतात आणि बऱ्याचदा ते कारण स्वतःच असतात, मी मार्क कमी आणले म्हणून बाबा प्यायले, असं. त्यामुळे सांगाच. पप्पांना दारूचा आजार आहे, तुझ्यामुळे झालेला नाही, तो बरा करायची जबाबदारी तुझी नाही, इलाज चालू आहे, आणि हा आजार आपल्या घरात आहे म्हणून तुला इतरांपेक्षा जास्त जपायला लागेल. मिस्टरांनी स्वतः सांगितलं तर फारच छान, तुम्ही शेजारी बसा. ट्रेनिंगची थाप पण कबूल करून टाका. बॉस्टनच्या डॉ. विल्यम बिअर्डस्ली यांनी डिप्रेशन असलेल्या आईबापांच्या घरांसाठी जी पद्धत बसवली तिचा गाभा हाच आहे, घरातल्यांनी एकत्र बसून आजाराचं नाव घेऊन बोलायचं. ऐकायला एवढंसं वाटतं, बसल्यावर कळतं किती अवघड आहे ते.

दुसरी गोष्ट पहिल्या घोटाची. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत ज्यांनी 15 वर्षांच्या आत प्यायला सुरुवात केली त्यातल्या साधारण 40 टक्के लोकांना पुढे कधी ना कधी व्यसन लागलेलं दिसलं, विशीत सुरुवात केलेल्यांमध्ये ते 10 टक्क्यांच्या आसपास होतं. (लवकर सुरू करणारी पोरं आधीच कुठल्यातरी त्रासात असतात असंही असू शकतं, सगळा दोष त्या घोटाचा नाही.) पण तारीख जितकी पुढे ढकलता येईल तितकी ढकला. म्हणजे हळदीच्या रात्री "घे रे बिअरच आहे" म्हणणाऱ्या काका-मामांना तोंडावर नाही म्हणायचं, वाईट दिसलं तर दिसू दे, आणि पाहुण्यांसाठी सोडा-चकणा आणायला पोराला पाठवायचं नाही.

आणि सासूबाईंना एक काम द्या. हवाईच्या कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या जवळपास 700 मुलांकडे एमी वर्नर यांनी कित्येक वर्षं लक्ष ठेवलं. गरिबी, व्यसन, मानसिक आजार अशा घरातली जी मुलं जास्त धोक्यात होती त्यातली सुमारे एक तृतीयांश व्यवस्थित मार्गी लागली, आणि अशा मुलांच्या आयुष्यात बहुतेकदा एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं. आजी, मावशी, शाळेतले सर, कोणीही. घरात आजी आहेच की!

तुमचं स्वतःचं पण बघा हो. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी माणसांच्या बायकांचा सहचरी गट आहे, तसं काही जवळपास असेल तर जात जा.

मी 22 वर्षांचा. वडील खूप प्यायचे म्हणून आई मला सारखी टोकते. पण मला चार पेग मारून पण काही होत नाही, मित्र आउट होतात आणि मी त्यांना घरी सोडतो. मग मला धोका कमीच ना? (पिंपरी)

नाही रे बाबा, उलटं आहे. सॅन दिएगोच्या डॉ. मार्क शुकिट यांनी विशीतल्या पोरांना मोजून दारू देऊन बघितलं, व्यसनी बापांच्या मुलांमध्ये कमी चढणारे जास्त निघाले, आणि ज्यांना कमी चढली त्यांच्यातच पुढच्या दहाएक वर्षांत व्यसन जास्त दिसलं. कारण साधं आहे, इतरांचं शरीर दोन पेगला बास म्हणतं, तुझं म्हणतच नाही, मग चाराचे सहा होतात. ज्याची तू शान मारतोयस तीच तुझ्या घरची खूण असू शकते. आणि चार पेग मारून मित्रांना सोडायला गाडी कोण चालवतं? चढली नाही वाटलं तरी रक्तात असतेच, ते आधी बंद कर. मी तुझ्या जागी असते तर ग्लासच खाली ठेवून दिला असता, पण निदान सहा महिने सोडून तरी बघ, जमलं नाही तर आई का टोकते ते कळेल. तेव्हा लाजू नकोस, 14416 ला फोन कर, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आईला बायपोलर (कधी टोकाचा उत्साह तर कधी टोकाची उदासी येणारा मानसिक आजार) आहे, गोळ्या चालू आहेत. माझ्यासाठी स्थळं येतायत. घरचे म्हणतात सांगू नकोस. (वय 27, कोल्हापूर)

सांग. स्थळ मोडेल कदाचित, पण लपवून केलेल्या लग्नात आईच्या गोळ्या कपाटात लपवत बसायला लागतं. एका पालकाला बायपोलर असेल तर मुलांमध्ये साधारण दहातल्या एकाला होतो, नऊ जणांना नाही. तुझ्यासाठी झोप महत्त्वाची, सलग काही रात्री झोप न येता अंगात भलताच उत्साह आला तर डॉक्टरांना लगेच दाखव. गांजाच्या वाटेला जाऊ नकोस. आणि पुढे बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना आईचा आजार आधीच सांगून ठेव, बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे अशा घरातल्या बायकांसाठी नाजूक असतात, रात्री बाळाकडे बघायला दुसरं कोणीतरी लागेल. आता नवऱ्याला हे माहीतच नसेल तर तो उठणार कसा?