एव्हरग्लेड्सच्या पाणथळीत महोगनीसारखी झाडे कशी तगतात, आणि ती पाहायला केव्हा जावे?

आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे: ही झाडे पाण्यात उभी नसतातच. दक्षिण फ्लोरिडातील खडक चुनखडीचा आहे, आणि त्याचा एखादा उंचवटा भोवतालच्या सॉग्रास गवतापेक्षा एक ते तीन फूट वर आला, की भर पावसाळ्यातही त्याचा माथा सहसा कोरडा राहतो. माझे बालपण सिंधुदुर्गात गेले. खाचरात भात आणि हातभर वरच्या वरकस जमिनीत नाचणी ज्याने पाहिली आहे, त्याला एवढ्याशा उंचीने काय बदलते हे समजावून सांगावे लागत नाही. अशा उंचवट्यावरील दाट अरण्याला येथे हॅमॉक म्हणतात. त्यातील गंबो-लिंबो, महोगनी, पॉयझनवुड अशी बहुतेक झाडे वेस्ट इंडीजच्या बेटांवरही वाढतात, आणि पक्षी, वादळे व सागरी प्रवाह यांच्याबरोबर त्यांचे बी इकडे आले.

खरी अडचण थंडीची आहे, आणि ती आपण विचारलेली नाही. हा मुलूख कर्कवृत्ताच्या उत्तरेला येतो, त्यामुळे काही वर्षांनी एखादी रात्र अशी येते की उष्ण प्रदेशातील झाड उघड्यावर असेल तर करपते. हॅमॉकमध्ये ते वाचते, कारण वरचा पर्णसंभार बंद छपरासारखा असतो, कडेची झुडपे वारा अडवतात आणि आतली दमट हवा रात्री फार निवत नाही.

हे मी घराच्या मागेच पाहिले. एव्हरग्लेड्सजवळच्या होमस्टेड गावातील आमच्या घरामागे सुमारे दहा गुंठ्यांचा जुन्या हॅमॉकचा तुकडा शिल्लक होता. 2009 साली वसाहतीच्या समितीने मला लेखी कळवले की कडेची झुडपे आणि खालचा पाचोळा हा कचरा असून त्यामुळे साप येतात व आगीचा धोका वाढतो, म्हणून तो तत्काळ काढावा. मी सभेत विरोध केला, दोन पत्रे लिहिली आणि अखेर दंडाच्या भीतीने मान तुकवली. पूर्वेची कड मोकळी झाली, पाचोळा ट्रकने गेला, आणि त्या उघड्या जागी मी महोगनीची सहा रोपे लावली. जानेवारी 2010 मध्ये दक्षिण फ्लोरिडात सुमारे पंधरवडाभर थंडीची लाट राहिली. त्या थंडीने समुद्रातील प्रवाळ आणि मॅनेटी म्हणजे समुद्रगाईसुद्धा मेल्या. माझ्या सहापैकी चार रोपे गेली आणि मोकळ्या केलेल्या कडेच्या गंबो-लिंबोची कोवळी फांदी न् फांदी काळी पडली. पंधरा पावलांवर, जिथे कोयता लागला नव्हता, तिथे आपोआप उगवलेली महोगनीची रोपे हिरवीगार होती. समितीने पुढच्या सभेत माझी रोपेच अशक्त असल्याचे सांगितले. ते मला तेव्हा पटले नाही आणि आजही पटत नाही.

पाचोळ्याला कचरा म्हणणे हे माझ्या मते निव्वळ अज्ञान आहे. हॅमॉकमध्ये माती फारशी नसतेच. खडकावर काही इंचांचा कुजलेल्या पानांचा थर असतो आणि झाडाचे सारे पोषण त्यातून चालते. याच कुजण्यातून निघणारे आम्ल कडेची चुनखडी हळूहळू विरघळवते, त्यामुळे पुष्कळ हॅमॉकभोवती खंदकासारखी खोलगट जागा तयार होते, आणि तिच्यात पाणी असेतोवर गवतातला वणवा सहसा आत शिरत नाही. विसाव्या शतकात कालवे खणून या प्रदेशाचे पाणी समुद्राकडे वळवले गेले, तेव्हापासून दुष्काळात हे खंदक लवकर आटतात. मग आग नुसती झाडे जाळत नाही, मुळांखालची मातीच जाळते, आणि उभा वृक्ष आधार सुटून कोसळतो. पाणी पुन्हा दक्षिणेकडे वाहू देण्याची मोठी सरकारी योजना 2000 साली मंजूर झाली. ती जितकी रेंगाळेल तितकी हॅमॉक कमी होतील. आपण फ्लोरिडात घर घेणार असाल आणि मागे असा तुकडा असेल, तर त्याची कड कोणालाही साफ करू देऊ नका, आणि नोटीस आलीच तर माझ्यासारखी घाईने मान तुकवू नका.

अर्थात घराच्या भिंतीला लागून वाळका पाचोळा ठेवू नये, तेवढ्यापुरते समितीचे म्हणणे बरोबर होते. दहा गुंठ्यांच्या अनुभवावरून साऱ्या अरण्याचा नियम ठरत नाही, हेही मान्य.

पाहायला डिसेंबर ते मार्च या कोरड्या दिवसांत यावे. उन्हाळ्यात डास उभे राहू देत नाहीत. राष्ट्रीय उद्यानात गंबो-लिंबो ही पायवाट आणि महोगनी हॅमॉकमधील लाकडी वाट, दोन्ही प्रत्येकी अर्ध्या तासात होतात. वाट सोडू नका आणि काळे डाग असलेल्या सालीच्या झाडाला हात लावू नका. ते पॉयझनवुड, आपल्या बिब्ब्याच्याच कुळातले, आणि त्याचा चीक अंगावर तसाच उठतो. पांढऱ्या माथ्याची कबुतरे मात्र त्याची फळे आवडीने खातात आणि त्याचे बी एका हॅमॉकमधून दुसऱ्यात नेतात.