स्टिअरिंग कॉलमवरील गिअरचा दांडा ढिला झाल्यास

प्रश्न : न्यू जर्सीत माझ्याकडे १९८६ सालची ऑटोमॅटिक शेवरले कॅप्रिस आहे. स्टिअरिंग कॉलमवरील गिअरचा दांडा फार ढिला झाला आहे. ‘पी’वर (पार्क) ठेवूनही गाडी कधीकधी सरकते आणि गिअर दाखवणारा काटा दोन अक्षरांच्या मधे थांबतो. गॅरेजमध्ये पूर्ण कॉलम बदलण्याचा सल्ला मिळाला. दुसरा उपाय आहे का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत काळजीची बाब म्हणजे ‘पी’वर ठेवूनही गाडी सरकणे. ‘पी’मध्ये गिअरबॉक्सच्या मागील शाफ्टवरील दातेरी चक्रात एक पोलादी खिट्टी अडकते. ती दातांत बसेपर्यंत सुस्थितीतील गाडीही किंचित हलते. परंतु काटाही जागेवर नसेल, तर दांडा ‘पी’ दाखवत असताना गिअरबॉक्स तिथवर पोहोचलेलाच नसण्याची शक्यता आहे. ‘पी’मध्ये भासणारी गाडी ‘आर’मध्ये (रिव्हर्स) जाते, अशा तक्रारींवरून अमेरिकेच्या परिवहन खात्याशी १९८० साली तडजोड झाल्यावर फोर्ड कंपनीला सुमारे २ कोटी ३० लाख मालकांना इशाऱ्याचे स्टिकर पाठवावे लागले होते. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत पार्किंग ब्रेक (या गाडीत पायाने दाबायचा) पूर्ण लावल्याशिवाय आणि इंजिन बंद केल्याशिवाय कृपया गाडीतून उतरू नये.

कॉलम बदलण्याचा सल्ला मला घाईचा वाटतो. दांड्याची हालचाल कॉलममधील नळी, तिच्या तळाचा आखूड लीव्हर आणि तिथून निघणारे रॉड यांच्यामार्फत गिअरबॉक्सच्या बाजूच्या लीव्हरपर्यंत जाते, आणि या वाटेवरील प्रत्येक सांध्यात थोडा थोडा प्ले (ढिलेपणा) साठत जातो. सपाट जागी चाकांना ठोकळे लावावेत, पार्किंग ब्रेक लावावा, इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवून कॉलमचे लॉक सोडवावे आणि एका माणसाला दांडा हलवायला सांगून आपण बॉनेटखालून पाहावे. दांडा हलूनही तळाचा लीव्हर स्थिर राहिला, तर दोष वरच्या भागात, म्हणजे बहुधा दांड्याच्या मुळाशी असलेल्या पिनमध्ये किंवा तिच्या झिजलेल्या भोकात असतो. लीव्हर हलतो पण रॉड उशिरा हलतो, असे दिसल्यास सांध्यातील बुश (झीज सोसणारी छोटी कडी) गेलेले असते. तळाचा लीव्हर फिरण्याऐवजी आडवा डुलत असेल, तर नळीच्या खालच्या टोकाचे बुश पाहावे. पिन आणि बुश हे किरकोळ किमतीचे भाग आहेत. भोकच लांबट झाले असेल, तर मात्र तो सुटा भाग बदलावा लागतो.

नवे बुश घातल्यावर जुळवणी टाळू नये, कारण खरी जागा गिअरबॉक्समधील खाचा ठरवतात, कॉलमवरील अक्षरे नव्हेत. रॉडवरील क्लॅम्पचा नट सैल करून गिअरबॉक्सचा लीव्हर ‘पी’पासून मोजत तिसऱ्या खाचेत, म्हणजे ‘एन’मध्ये (न्यूट्रल) आणावा, वरचा दांडाही ‘एन’च्या थांब्यावर ठेवावा आणि रॉड न ओढता नट आवळावा. ही जुळवणी चुकली, तर आतील व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहून तेलाचा दाब कमी पडतो आणि क्लचच्या प्लेट घसरून जळू शकतात. तो खर्च कॉलमपेक्षाही जड जाईल. गाडीखाली जावे लागल्यास ती केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर ठेवावी.

शेवटी ब्रेक दाबून, गाडी फक्त ‘पी’ आणि ‘एन’मध्येच सुरू होते ना, हे तपासावे. मग हलक्या उतारावर, पुढे कोणी नसताना, ‘पी’ लावून ब्रेक सावकाश सोडावा. गाडी तरीही सरकत राहिली, तर ती चालवणे थांबवून गिअरबॉक्समधील खिट्टी जाणकार मेकॅनिककडून तपासून घ्यावी.