मनगटात ‘कट्’ होतं, शीर काढू देऊ का?

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी घसरून उजव्या तळहातावर पडलो. एक्स-रेत फ्रॅक्चर नव्हतं, ‘मुरगळलंय’ म्हणून पट्टा दिला. अजूनही हात टेकून उठताना मनगटात ‘कट्’ होतं, भरलेली बादली उचलवत नाही. आता एमआरआयमध्ये लिगामेंट तुटलेलं दिसलं. डॉक्टर हातातलीच शीर वापरून नवं करू म्हणतात. त्याने हात अधू नाही ना होणार? (वय ३४)

उत्तर : आधी शिरेची भीती घालवू. ती रक्तवाहिनी नव्हे, कंडरा. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. मनगट वाकवणाऱ्या एका कंडरेची फक्त उभी पट्टी सोलून घेतात. उरलेली कंडरा आपलं काम करत राहते.

मनगटात आठ छोटी हाडं असतात. त्यांतलं अंगठ्याकडचं स्कॅफॉइड आणि शेजारचं ल्युनेट यांना जखडणारं लिगामेंट तुमचं तुटलं असावं. असं पडल्यावर बहुधा तेच तुटतं. मग स्कॅफॉइड तळव्याकडे कलतं, ल्युनेट उलटीकडे. साध्या एक्स-रेत हे लपतं. मूठ आवळून काढलेल्या एक्स-रेत फट उघडी पडते. मी नेहमी दोन्ही मनगटांचा काढायला सांगतो, कारण काहींची फट मुळातच थोडी मोकळी असते.

पहिल्या सहा आठवड्यांत कळलं असतं, तर तुटलेलं टोक हाडाला परत शिवता आलं असतं. आता ते आक्रसलेलं असणार, म्हणून पट्टीचा घाट. स्कॅफॉइडला भोक पाडून ती ओवतात, हाडं जागेवर आणून तारांनी धरून ठेवतात. तारा साधारण आठ आठवडे, मग व्यायाम. जड कामाला सहा महिने तरी धरा. आणि मनगट पूर्वीइतकं वाकणार नाही, हे आत्ताच मान्य करा. थोडं वाकणं देऊन आपण भक्कमपणा घेतोय. ‘पुश-अप्स जमतील ना?’ असं तरुण पेशंट हमखास विचारतात. बहुतेकांना पूर्वीसारखे जमत नाहीत.

ऑपरेशन टाळून पट्टा आणि व्यायामावर काही जण निभावतात. पण हाडं अशीच घसरत राहिली, तर काही वर्षांत कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) झिजते. मग हाडांची एक ओळ काढणं किंवा चार हाडं सांधून टाकणं उरतं, त्यात हालचाल निम्म्यावर येते. चौतिशीत, उजव्या हाताला, मी ही वाट पाहिली नसती.

सर्जनना दोनच गोष्टी विचारा : कूर्चा शाबूत आहे का, आणि हाडं अजून सहज जागेवर येतात का? दोन्हींना ‘हो’ असेल तरच हे ऑपरेशन. तोवर उठताना डावा हात टेका.