तलावाजवळच्या सोसायटीचे नवे सेक्रेटरी झालात? एवढं आधी करा

भाऊ, घाबरू नका, नागपूरच्या अंबाझरी तलावाकडच्या आमच्या सोसायटीत मी बरीच वर्षं हेच करून राहिलो. सुरुवातीला तीनच गोष्टी धरा.

१. पहिले कागद. जुन्या सभांची मिनिट्स, ऑडिट रिपोर्ट, कन्व्हेयन्स (म्हणजे जमीन न इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालं की नाही ते बघा, चार्ज लेखी यादी करूनच घ्या.

२. पाणी. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओव्हरफ्लो झाला न खालच्या वस्त्यांत घराघरात पाणी शिरलं, ते दिवस मी विसरूच शकत नाही, म्हणून मे संपायच्या आत नाल्या साफ करा, बेसमेंटचा पंप चालवून बघा, मीटर न जनरेटर खाली असतील तर वर घेण्याचा ठराव पहिल्याच मीटिंगमध्ये मांडा, खर्चावरून लोकं ओरडतील पण तुम्ही मांडाच.

३. पैसा. आदर्श उपविधीत (सोसायट्यांसाठीचे सरकारी नमुना नियम) सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के न दुरुस्ती फंड ०.७५ टक्के आहे. मेंटेनन्स कमी ठेवून वाहवा मिळवायची चूक नवीन लोकं हमखास करतात, मग गळती लागली की वर्गणी!

व्हॉट्सॲपवर निर्णय घेऊ नका, वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्या. रिडेव्हलपमेंटचं आत्ता डोक्यातही आणू नका. यादी बनवताना अडलं तर विचारा.